सर्व्हर झोपला की तपासणाराच?

‘सर्व्हर डाऊन आहे!’ हे वाक्य ऐकलं नाही असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात शोधून सापडणार नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असो, रिझल्टचा दिवस असो, नाहीतर फेस्टमधल्या एखाद्या वर्कशॉपच्या मोजक्या जागा असोत... रात्री बारा वाजता होस्टेलच्या कॉरिडॉरमधून एकच आरोळी उठते आणि मग सगळी विंग मिळून त्या बिचाऱ्या सर्व्हरचा उद्धार करते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी ४ वाजता अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी को-विनवर लसीची नोंदणी उघडली, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत कुणाला ओटीपी येईना, कुणाला नुसतेच एरर दिसत होते. तरीही दिवस संपेपर्यंत सव्वा कोटीहून जास्त लोकांची नोंद झाली. म्हणजे सिस्टिम उभी राहिली, पण सुरुवातीच्या त्या काही मिनिटांत घरोघरी जी घालमेल झाली ती आपण सगळ्यांनीच पाहिली आहे.

असं होऊ नये म्हणून काय करायचं, हे पुस्तकात सोपं असतं. आधी टेस्ट घ्या! खरी माणसं येण्यापूर्वी खोटी माणसं पाठवून बघा. ह्या खोट्या माणसांना ‘सिम्युलेटेड क्लायंट्स’ म्हणतात आणि ती तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘लोड जनरेटर’. ह्या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की परीक्षा घेणाऱ्या मशीनचीही परीक्षा घ्यावी लागते. आणि तिथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो हे खोटे क्लायंट्स प्रोसेसरच्या ‘कोअर्स’वर वाटताना. (कोअरला ‘गाभा’ म्हणावं असं मराठीच्या एका मॅडमनी सुचवलं होतं, पण लॅबमध्ये कुणीही तसं म्हणत नाही, तेव्हा कोअरच ठेवते.)

दलाल स्ट्रीटचा शनिवार

खोटी गर्दी म्हणजे काय हे पाहायला लांब जायला नको. चर्चगेटला उतरून फोर्टात गेलं की दलाल स्ट्रीटवर मुंबई शेअर बाजाराची उंच इमारत दिसते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या ह्या बाजारात कितीतरी वर्षं रिंगमध्ये उभं राहून, ओरडून, हातवारे करून सौदे होत. १९९५ मध्ये ‘बोल्ट’ ही कॉम्प्युटरवरची पद्धत आली आणि तो आरडाओरडा थांबला. गर्दी मात्र गेली नाही, ती फक्त तारांमध्ये शिरली.

म्हणून शेअर बाजार अधूनमधून शनिवारी ‘मॉक ट्रेडिंग’ ठेवतात. दलाल खरे, त्यांची कनेक्शन्स खरी, सॉफ्टवेअर खरं, फक्त सौदे खोटे. नाटकाच्या रंगीत तालमीसारखंच हे. पण तालमीला किती लोक येतील हे आपल्या हातात नसतं. बाजार कोसळतो त्या दिवसाची गर्दी एखाद्या निवांत शनिवारी मागवून आणता येत नाही. तेवढा भार बघायचा असेल तर तो तयारच करावा लागतो, आणि तिथे लोड जनरेटर लागतो.

आता जरा विचार करा. दहा हजार खोटे क्लायंट्स म्हणजे दहा हजार कनेक्शन्स. प्रत्येकाने विनंती पाठवायची, उत्तराची वाट बघायची, किती वेळ लागला ते टिपायचं आणि पुन्हा पाठवायचं. हे सगळं काम सर्व्हर करत नाही, टेस्ट घेणारं मशीन करतं. सर्व्हरइतकंच काम टेस्ट घेणाऱ्यालाही पडू शकतं, हे आपल्या लक्षातच येत नाही.

सरासरी फसवते

साधारण २००५ च्या सुमारास प्रोसेसर कंपन्यांनी ‘क्लॉक’चा वेग वाढवत नेण्याचा नाद सोडला, कारण चिप तापायला लागली. मग एकाच चिपवर दोन, चार, आठ कोअर्स बसवायला सुरुवात झाली. पण चार कोअर्स असले म्हणून काम आपोआप चार जणांत वाटलं जात नाही. प्रोग्रॅम एकाच थ्रेडमध्ये लिहिलेला असेल तर तो एका वेळी एकच कोअर वापरतो. बाकीचे तीन मेसमधल्या रिकाम्या काउंटरसारखे नुसते उभे असतात.

बरं, हे चटकन दिसतही नाही! लिनक्सवर ‘टॉप’ चालवलं की वरच्या ओळीत सगळ्या कोअर्सची सरासरी दिसते. चारपैकी एक कोअर पूर्ण भरला आणि तीन रिकामे असले तर तिथे २५ टक्के वापर दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, मशीन तर आरामात आहे. म्हणजे दोष सर्व्हरचाच!

दादरला रोज लोकल पकडणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. बारा डब्यांची सरासरी काढली तर गाडीत जागा असते. पण ब्रिजच्या जिन्यासमोर जो डबा येतो त्यात पाय ठेवायला जागा नसते. तिथे उभ्या असलेल्या माणसाला सरासरीचा काय उपयोग?

ह्यावरचा उपाय मात्र अगदी सोपा आहे. ‘टॉप’ चालू असताना कीबोर्डवरचं १ चं बटण दाबा. एका ओळीऐवजी प्रत्येक कोअरची वेगळी ओळ दिसते. विंडोजवाल्यांनी टास्क मॅनेजरमधल्या सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडावं.

आमच्या ग्रुपने फेस्टच्या रजिस्ट्रेशनच्या पानाची टेस्ट घेतली तेव्हा हेच पाहायला मिळालं. खोटे क्लायंट्स वाढवत गेलो तरी सेकंदाला मिळणारी उत्तरं एका आकड्यावर अडकून बसली आणि उत्तराचा वेळ वाढत गेला. ‘हा सर्व्हर पुरणार नाही, नवीन मागायला हवा’ असं जवळजवळ ठरलंच होतं, नुसता अर्ज टाइप करायचा बाकी होता. मग कुणीतरी १ चं बटण दाबलं. टेस्ट घेणाऱ्या मशीनचा एक कोअर १०० वर आणि बाकीचे गाढ झोपेत! शेजारच्या पीसीवरून तीच टेस्ट एकाच वेळी चालवली, तर दोन्हींची बेरीज जवळजवळ दुप्पट आली. सर्व्हर आधीपासूनच तेवढा भार घेऊ शकत होता, त्याला कुणी तेवढा भार दिलाच नव्हता. अर्ज गेला नाही आणि कॉलेजचे पैसे वाचले.

इथे आणखी एक गोम आहे. कोअर भरला की उत्तराचा वेळही खोटा मोजला जातो. समजा सर्व्हरचं उत्तर ५ मिलिसेकंदांत नेटवर्क कार्डवर येऊन पोचलं, पण कोअर इतरांच्या कामात गुंतलेला असल्यामुळे ते ५० मिलिसेकंदांनी वाचलं गेलं. रिपोर्टमध्ये ५० लिहिलं जाणार, आणि तेही सर्व्हरच्या नावावर.

कोणतं टूल कसं वाटतं?

आपण लॅबमध्ये वापरतो त्या टूल्सचे स्वभाव ह्याबाबतीत अगदी वेगवेगळे आहेत.

‘अपाचे बेंच’ हे सगळ्यांना येणारं टूल एकाच थ्रेडमध्ये चालतं. त्याला ‘एका वेळी हजार विनंत्या’ असं सांगितलं तरी त्या हजारांना सांभाळणारा कोअर एकच असतो. नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या ‘आयपर्फ ३’ मध्येही बरीच वर्षं हीच गत होती. कितीही समांतर स्ट्रीम्स मागितल्या तरी सगळ्या एकाच थ्रेडमध्ये. २०२३ मध्ये आलेल्या ३.१६ ह्या आवृत्तीपासून प्रत्येक स्ट्रीमला स्वतःचा थ्रेड मिळाला. म्हणजे लॅबच्या पीसीवर कोणती आवृत्ती आहे ते न बघता आकडा लिहिला तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

‘जेमीटर’ प्रत्येक खोट्या युझरला एक थ्रेड देतं आणि ते कोअर्सवर वाटायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडतं. वाटणी होते, पण हजारो थ्रेड्सची मेमरी आणि ‘कॉन्टेक्स्ट स्विच’चा खर्च आपल्या माथी येतो. पायथनमधलं ‘लोकस्ट’ एका प्रोसेसमध्ये व्यवहारात एकच कोअर वापरतं, म्हणून कोअरमागे एक ‘वर्कर’ चालवायचा असतो. ‘डब्ल्यूआरके’ आपणच ठरवलेल्या थ्रेड्समध्ये कनेक्शन्स सारखी वाटतं, पण भागाकार पूर्णांकात करतं. ४०० कनेक्शन्स १२ थ्रेड्समध्ये वाटा म्हटलं की प्रत्येकाला ३३, म्हणजे एकूण ३९६. उरलेली चार उघडलीच जात नाहीत! चाराने काही बिघडत नाही म्हणा, पण रिपोर्टमध्ये ४०० लिहिण्याआधी माहीत असावं.

डब्यावरची खूण

आतापर्यंत पाठवण्याचं बोललो. पण उत्तरं परत येतात तेव्हा काय? नेटवर्क कार्डवर पॅकेट आलं की ते कोणत्या कोअरकडे द्यायचं?

इथे मला आपले डबेवाले आठवतात. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनी सुरू केलेल्या ह्या पद्धतीत डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे ह्यांची खूण असते. स्टेशनवर डबे वेगळे करणारा माणूस ‘हा डबा कुणाचा, आत भाजी कुठली’ असं काहीच विचारत नाही. खूण बघतो आणि डबा त्या त्या गटात ठेवतो. तीच खूण असलेला डबा रोज त्याच रस्त्याने जातो, आणि रिकामा झाला की त्याच खुणेवरून त्याच घरी परत येतो.

नेटवर्क कार्ड हुबेहूब हेच करतं. पाठवणाऱ्याचा आयपी, घेणाऱ्याचा आयपी आणि दोन्हीकडचे पोर्ट नंबर ह्या चार गोष्टींवरून एक ‘हॅश’ काढला जातो. हीच डब्यावरची खूण. हॅशवरून रांग ठरते आणि रांगेवरून कोअर. ह्याला ‘रिसीव्ह साइड स्केलिंग’ म्हणतात. एका कनेक्शनची सगळी पॅकेट्स एकाच कोअरकडे जातात, त्यामुळे त्यांचा क्रम बिघडत नाही.

घोळ असा की हॅश कोअर्स बघून वाटणी करत नाही, तो फक्त खूण वाचतो. समजा आठ कनेक्शन्स आहेत आणि चार कोअर्स. प्रत्येकाला बरोबर दोन-दोन मिळण्याची शक्यता किती? प्रोबॅबिलिटीच्या पेपरात विचारतात तसंच हे गणित आहे. एकूण वाटण्या ४ चा आठवा घात म्हणजे ६५,५३६. त्यांतल्या समसमान वाटण्या २,५२०. म्हणजे शंभरात चार वेळासुद्धा नाही! बाकी बहुतेक वेळा कुठल्यातरी कोअरवर तीन-चार येतात आणि कधीकधी एखादा मोकळाही राहतो. हेच ८,००० कनेक्शन्स घेतली तर प्रत्येक कोअरला २,००० च्या आसपास येतात, आणि फरक साधारण दोन टक्क्यांच्या घरात राहतो. म्हणून थोड्या कनेक्शन्सवर घेतलेली टेस्ट एकदा एक आकडा देते आणि पुन्हा चालवली की दुसराच. नेटवर्कला भूत लागलेलं नसतं, खुणाच तशा पडलेल्या असतात.

दुसरी गोष्ट, विनंती पहिल्या कोअरने पाठवली आणि उत्तर तिसऱ्या कोअरकडे आलं तर तिसऱ्याला पहिल्याची वही उघडावी लागते. त्यासाठी कुलूप लावा, माहिती एका ‘कॅश’मधून दुसऱ्यात न्या... सगळा वेळ ह्यातच जातो. म्हणून ‘ट्रेक्स’सारखे मोठे जनरेटर खोट्या क्लायंट्सच्या आयपी पत्त्यांचा साठाच कोअर्समध्ये वाटून टाकतात. हे क्लायंट्स तुझे, ते माझे! काही टूल्स तर आपला पोर्ट नंबरच असा निवडतात की उत्तराची खूण स्वतःच्याच कोअरची निघावी. मात्र आयपी पत्ते कोअर्सपेक्षा कमी दिले तर काही कोअर्सच्या वाट्याला काहीच येत नाही, आणि आपण ‘आठ कोअर्स लावले तरी वेग का वाढत नाही’ म्हणून डोकं खाजवत बसतो.

लालबागच्या दोन रांगा

समजा क्लायंट्स अगदी सारखे वाटले, तरी काम सारखं वाटलं गेलं असं होत नाही. १९३४ पासून बसणाऱ्या लालबागच्या राजाच्या दर्शनाला गेलेल्यांना दोन रांगा माहीत असतील. मुखदर्शनाच्या रांगेतला माणूस लांबून हात जोडतो आणि पुढे सरकतो. नवसाच्या रांगेतला थेट चरणांपर्यंत जातो. दोन्ही रांगांत हजार-हजार माणसं उभी केली तरी दोन्ही एकाच वेळी संपतील असं कुणी म्हणणार नाही.

क्लायंट्सचंही तसंच. नुसतं पहिलं पान उघडणारा क्लायंट म्हणजे मुखदर्शन. लॉगिन करून, फोटो अपलोड करून, फॉर्म भरून पैसे देणारा म्हणजे नवसाची रांग. पहिल्या कोअरला सगळे बघे आणि दुसऱ्याला सगळे फॉर्म भरणारे दिले तर आकडे सारखे, पण घाम एकालाच. प्रत्येक कोअरला दोन्ही प्रकार त्याच प्रमाणात द्यायला हवेत, आणि ते प्रमाण खऱ्या दिवशी जसं असेल तसं हवं.

कोअर मोकळे, तरी गाडी अडलेली

कधीकधी सगळे कोअर्स मोकळे दिसतात तरी वेग वाढत नाही. तेव्हा पोर्ट मोजा. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी एरवी ३२,७६८ ते ६०,९९९ हे पोर्ट वापरले जातात, म्हणजे एकूण २८,२३२. आपण कनेक्शन बंद केलं तरी तो पोर्ट ६० सेकंद ‘टाइम वेट’मध्ये अडकून राहतो. २८,२३२ ला ६० ने भागा. एका आयपीवरून एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे सेकंदाला सुमारे ४७० नवीन कनेक्शन्स, बस्स! कोअर चार असोत की चौसष्ट, ही मर्यादा हलत नाही. उपाय म्हणजे जनरेटरला जास्त आयपी पत्ते द्यायचे, किंवा तेच कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरायचं. पण दुसरा उपाय करताना खरे युझर्स तसे वागतात का, हे आधी बघायचं.

आणि शेवटचा अडसर म्हणजे सामायिक वही. सगळे कोअर्स ‘एकूण किती विनंत्या झाल्या’ हा एकच आकडा वाढवत असतील तर प्रत्येकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागतं. १९६७ मध्ये जीन अॅमडाल ह्यांनी मांडलेला नियम आपण थिअरीत शिकतोच. दहा टक्के काम एकामागून एकच करावं लागत असेल तर चार कोअर्सनी वेग ३.१ पट होतो आणि आठ कोअर्सनी फक्त ४.७ पट. म्हणून प्रत्येक कोअरने आपापली वही ठेवायची आणि बेरीज टेस्ट संपल्यावर करायची. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेला हा नियम असा उपयोगी पडतो!

तर मग करायचं काय?

फेस्टच्या टीमसाठी, फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी आणि कॉलेजची सिस्टिम सांभाळणाऱ्या स्टाफसाठी थोडक्यात सांगते.

१. जनरेटर आणि सर्व्हर एकाच मशीनवर ठेवू नका. दोघं त्याच कोअर्ससाठी भांडतात, आणि नेटवर्क कार्डची तर टेस्टच होत नाही.

२. खऱ्या टेस्टआधी जनरेटर एखाद्या अगदी हलक्या पानावर सोडून त्याची स्वतःची कमाल मर्यादा मोजा. खऱ्या टेस्टचा आकडा त्या मर्यादेच्या जवळ आला तर तो आकडा सर्व्हरचा नाही.

३. टेस्ट चालू असताना दोन्ही मशीन्सवर प्रत्येक कोअर वेगळा बघा. एकही कोअर सतत १०० ला टेकला असेल तर थांबा.

४. दुसरं मशीन जोडा. एकूण उत्तरं वाढली तर आधी जनरेटर अडला होता. वाढली नाहीत, तरच सर्व्हरकडे किंवा मधल्या नेटवर्ककडे बोट दाखवा.

५. जनरेटरचे थ्रेड्स ‘टास्कसेट’ने ठरावीक कोअर्सना बांधता येतात. एखादा कोअर नेटवर्क कार्डच्या इंटरप्ट्ससाठी मोकळा ठेवा.

६. रिपोर्टमध्ये नुसतं ‘५,००० युझर्स चालले’ असं लिहू नका. टूल कोणतं, आवृत्ती कोणती, किती कोअर्स, किती आयपी, बघे किती आणि फॉर्म भरणारे किती, हेही लिहा. पुढच्या वर्षीच्या ज्युनियर्सना त्याचाच उपयोग होईल.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? पण चुकीची टेस्ट दोन्हीकडून मारते. कधी चांगला सर्व्हर विनाकारण बाद होतो आणि लायब्ररीच्या पुस्तकांचे पैसे नव्या मशीनवर जातात. कधी उलट होतं. जनरेटरलाच भार देता येत नाही, सर्व्हर आरामात दिसतो, सगळे ‘ओके’ म्हणून सही करतात आणि खरी गर्दी आली की तो बसतो. पहिल्यात कॉलेजचे पैसे जातात. दुसऱ्यात गावाकडच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने पैसे भरून बसलेल्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा फॉर्म राहतो, कधी पूर्ण वर्ष जातं. तिच्या स्क्रीनवर मात्र तेवढंच येतं, ‘सर्व्हर डाऊन आहे.’

तेव्हा पुढच्या वेळी ‘आम्ही टेस्ट घेतली आहे’ असं कुणी सांगितलं, तर त्यांना एकच प्रश्न विचारा... १ चं बटण दाबलं होतं का?